तुझ्या बाबांचा उरलेला कीबोर्ड

लेक्सिंग्टन
ऑगस्टचा तिसरा शनिवार

प्रिय ट्वायला,

पाकिटावर माझं अक्षर पाहून घाबरू नकोस, कोणी गेलेलं नाही. तुझ्या बाबांचा गुडघा ठीक आहे, माझं ब्लडप्रेशर जिथल्या तिथे आहे आणि कुत्रा आत्ता सोफ्यावर, म्हणजे त्याला सक्त मनाई आहे तिथेच, झोपलेला आहे. हे सगळं फोनवर सांगता आलं असतं असं तू म्हणशील. पण आपल्या घरात गेली दोन वर्षं फोन कसा चालतो ते तुला ठाऊक आहे. बाबा उचलतात, तुझा आवाज ऐकतात, "थांब, आई आहे" म्हणतात आणि फोन माझ्या हातात कोंबतात. मग मी तुझ्याशी बोलत असेपर्यंत ते तिथेच उभे राहून, मी नुकताच पुसलेला ओटा पुन्हा पुसत असतात. त्यांच्यासमोर हे बोलणं शक्य नव्हतं. टाइप करून ईमेल पाठवावा तर तेही शक्य नव्हतं, आणि ते का, हे तुला पुढे कळेलच. म्हणून तुझ्या शाळेतल्या जुन्या वहीची पानं फाडून चर्चच्या स्वयंपाकघरात बसून लिहितेय. पानांवर मेयोनीजचे डाग दिसले तर ते माझे नाहीत.

तुझ्या लग्नाची पत्रिका जूनमध्ये आली. फार सुंदर आहे. तिच्यासोबतचं छोटं कार्ड, किती जण येणार ते लिहून परत पाठवायचं, ते अजून माझ्या पर्समध्येच आहे. तू दोनदा विचारलंस आणि मी दोनदा पोस्टाला दोष दिला. पोस्टाची काही चूक नाही. 'एक' लिहू की 'दोन' हे मला कळत नव्हतं, एवढंच. 'एक' लिहिलं तर मुलीच्या लग्नात बाप नाही असं मीच कागदावर लिहून दिल्यासारखं होईल, आणि 'दोन' लिहिलं तर खोटं ठरेल की काय ही धास्ती. पत्रिका आली त्या दिवशी बाबांनी ती वाचली, चष्मा पुसला, पुन्हा वाचली आणि बीन्स गार झाले का म्हणून विचारलं. मी म्हटलं, "एस्टिल, जायचं ना आपण पोर्टलंडला?" तर म्हणाले, "ऑक्टोबरात घोड्यांच्या शर्यती असतात." चव्वेचाळीस वर्षांच्या संसारात हा माणूस शर्यतीला दोनदा गेलाय. त्यातल्या एकदा तर गाडी लावायला जागा नाही म्हणून फाटकावरूनच परत आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठून पाहते तर मागच्या व्हरांड्यात टोमॅटोच्या रोपांचा ट्रे जमिनीवर, आणि त्या ट्रेखाली टेकू म्हणून दिलेला कीबोर्ड गायब. तो तुला आठवत असेल. घरच्या पहिल्या कॉम्प्युटरचा, ज्याच्यावर तू शाळेचे सगळे निबंध बडवलेस, तोच. बाबांनी कारखान्यातून आणून तळघरात जपलेले एक्केचाळीस कीबोर्ड गेले आणि हा एकटाच उरला, कारण तू ते खोके भंगारवाल्याच्या ट्रकमध्ये चढवलेस तेव्हा हा टोमॅटोच्या सेवेत होता. त्या दिवसाबद्दल मला तुझ्याशी बोलायचंय, ट्वायला, पण मला थोडा वेळ दे. आधी कीबोर्डचं सांगते, ते सोपं आहे.

बाबा तो स्वयंपाकघराच्या टेबलावर घेऊन बसले होते. मी विचारलं हे काय, तर म्हणाले, "चर्चसाठी." आपले पाद्री ब्रदर हर्शेल, त्यांच्या सेक्रेटरीचा हात मोडलाय, त्यामुळे रविवारचं पत्रक टाइप करायचं काम ह्यांनी अंगावर घेतलं होतं हे खरं. आणि तू आम्हाला पाठवलेला लॅपटॉप त्यांना चालवता येत नाही हेही खरं. त्या चपट्या कळांना आवाज नाही, खाली गेली की नाही ते बोटाला कळत नाही, म्हणून ते प्रत्येक कळ अशी दाबतात की अक्षर तीनदा उमटतं. त्याच्या आदल्या रविवारी पत्रकात 'हालेलुया' या शब्दातले इंग्रजी l एवढे झाले होते की कुंपण घातल्यासारखं दिसत होतं. तेव्हा मला वाटलं, ठीक आहे, चर्चसाठी म्हणतात तर चर्चसाठी. मी मेली भोळी.

आता तुला माहीत आहे, त्या कीबोर्डचं टोक गोल आणि लॅपटॉपला भोक चपटं. बाबांनी दुकानातून अडॅप्टर म्हणतात ती जोडणी आणली. लावली, तर कीबोर्डचे तिन्ही दिवे एकदा लागले आणि विझले. मग ढिम्म. बाबांनी दुकानदाराला सुनावलं, "तुमच्या ह्या खेळण्याला आमच्या कीबोर्डाचं पोट भरता येत नाही." आणि त्यांचं बरोबर होतं. जुन्या कीबोर्डाला वीज जास्त लागते, आणि तो बोलतो ती भाषा आजच्या कॉम्प्युटरला कळत नाही. मग इंटरनेटवर कुठल्याशा पोलंडच्या मुलाशी ह्यांची मैत्री झाली. त्याने बिस्किटाएवढी एक पट्टी पाठवली, ती आत बसवायची आणि चार वायरी सोल्डर करायच्या. ती मधे बसून दुभाष्याचं काम करते. तो मुलगा ह्यांना 'सर' म्हणतो. खुद्द कारखान्यात स्प्रिंगा बसवणारा माणूस भेटला म्हणून त्याने ह्यांच्या हातांचा फोटो मागितला. बाबांनी तो पाठवला, आणि त्याआधी नखं कापली.

पण आत पट्टी बसवायची तर कीबोर्ड उघडायला हवा, आणि उघडला तर मागच्या लोखंडी पत्र्याला धरून ठेवणारी प्लास्टिकची रिबिटं निम्म्याहून जास्त तुटलेली. हलवलं की आत खुळखुळ्यासारखा आवाज. तेव्हा सगळी उरलेली रिबिटंही छिनीने उडवायची, त्या जागी बारीक ड्रिलने भोकं पाडायची आणि नट-बोल्ट लावायचे, असं ठरलं. साठाच्या आसपास भोकं, ट्वायला. मंगळवारी भोकं सुरू झाली आणि पुढच्या सोमवारपर्यंत आम्ही जेवायचं ताट मांडीवर घेऊन जेवलो, कारण टेबल म्हणजे कारखाना झाला होता. आत काय काय निघालं! टोमॅटोची माती, कुत्र्याचे केस, क्रॅकर बिस्किटांचे तुकडे आणि तुझ्या सहावीतल्या ग्रहमालेच्या प्रकल्पाची चंदेरी चमकी. बाबांनी सगळं ब्रशने झाडलं, पण चमकी एका कागदात बांधून खिडकीत ठेवली.

कळा धुण्याचं प्रकरण मात्र मी विसरणार नाही. एका सकाळी मी बाथरूममध्ये गेले तर माझ्या कवळी धुवायच्या गोळ्यांचा अख्खा डबा रिकामा. स्वयंपाकघरात येऊन पाहते तर माझ्या सॅलडच्या काचेच्या बाऊलमध्ये हिरवट फेस येतोय आणि त्यात एकशे एक कळा पोहतायत. पोलंडचा मुलगा म्हणाला होता म्हणे, कळा उजळायला ह्याच्यासारखं काही नाही. मी म्हटलं, "एस्टिल, आज चर्चचं पॉटलक जेवण आहे, मी तोंडात काय घालून जाऊ?" तर हा माणूस बाऊलमध्ये वाकून म्हणतो, "एक रात्र दात नसले तर बिघडतं काय, सगळे मऊच पदार्थ असतात." तेवढ्यात कुत्र्याने F9 पळवली. ती त्याच्या पोटातून परत येईपर्यंत दोन दिवस बाबा त्याला घेऊन अंगणात काठीने तपास करत फिरत होते. ती मी स्वतः वेगळी धुतली. आज तीच सगळ्यांत पांढरी आहे.

जोडणी झाली आणि कळा बसवायची वेळ आली, तेव्हा मात्र त्यांना माझी गरज पडली. कळ बसवताना कीबोर्ड उभा धरावा लागतो, स्पेसबारची बाजू आभाळाकडे, म्हणजे आतली स्प्रिंग नीट कलते. आडवा ठेवून बसवलं तर कळ जाते खाली, पण तिचा आवाज मेलेला येतो. तुझे बाबा अठरा वर्षं स्प्रिंगांच्या टेबलावर होते, पण हे त्यांना कधीच पटलं नाही. अगं, आमचं लग्नच त्यावरून झालं. मी टेस्टिंगला होते, काचेच्या पेटीत बसून सगळ्या कळांवर बोटं फिरवायची आणि कानाने ऐकायचं. ज्या कळेचा आवाज बसका, तिला लाल चिठ्ठी. एस्टिलच्या टेबलावरून आलेल्या टायपरायटरांना मी पहिल्या आठवड्यात सव्वीस लाल चिठ्ठ्या लावल्या. सत्ताविसाव्याला ते स्वतः भांडायला आले आणि म्हणाले, "बाई, तुमचे कान दुरुस्त करून घ्या." मी म्हटलं, "तुम्ही डोळे मिटा." मग दोन कळा वाजवून दाखवल्या, एक चांगली, एक मेलेली. त्यांनी शनिवारी फ्राइड कॅटफिश खायला येणार का म्हणून विचारलं. पुढे टायपरायटर जाऊन कीबोर्ड आले, पण लाल चिठ्ठ्या चालूच राहिल्या. तर त्या दिवशी मी त्यांना तीच गोष्ट पुन्हा दाखवली. त्यांनी सगळ्या कळा उपटल्या, कीबोर्ड उभा धरला आणि निमूटपणे बसवल्या. मी शेवटी सगळ्या वाजवून पाहिल्या. एकशे एकपैकी एकशे एक. चव्वेचाळीस वर्षांत ह्या माणसाला मी पहिल्यांदा शंभर टक्के पास केलं, आणि त्यांनी मला मागे वळून न बघता 'हं' केलं, पण मान लाल झाली होती.

मग ह्यांच्या डोक्यात हवा गेली. आजकालच्या कीबोर्डावर खिडकीच्या चित्राची एक कळ असते, ती ह्याच्यावर नाही. म्हणून त्या पट्टीला शिकवून ह्यांनी कॅप्स लॉकला ते काम दिलं. एवढ्यावर थांबले असते तर बरं होतं. पण दोन बोटांनी टाइप करणाऱ्या माणसाला प्रार्थनेच्या यादीतली तीच तीच वाक्यं पुन्हा लिहायचा कंटाळा येतो. म्हणून उजवीकडच्या आकड्यांच्या कळांना ह्यांनी अख्खी वाक्यं शिकवली. एक दाबलं की 'लवकर बरे व्हावेत'. दोन दाबलं की 'गुडघ्याचं ऑपरेशन'. तीनला 'शोकाकुल कुटुंबाचं सांत्वन व्हावं'. आमच्या चर्चचं सरासरी वय बघता तीन कळांत अर्धी यादी होते, हे कबूल. पण यादीनंतर ह्यांना रविवारची गीतं टाइप करायची होती, आणि गीतांचे नंबर ह्यांनी सवयीने त्याच कळांवरून मारले. तू म्हणशील पडद्यावर दिसलं नाही का? अगं, आमच्या पिढीने टायपरायटरवर हात बसवला, आम्ही बोटांकडे बघतो, पडद्याकडे कोण बघतो? छापलं, घडी घातली, दिलं वाटून.

रविवारी ब्रदर हर्शेल व्यासपीठावर उभे राहिले, पत्रक डोळ्यांपाशी धरलं आणि नेहमीच्या त्या खणखणीत आवाजात म्हणाले, "आता सगळ्यांनी उभं राहून गाऊ या, गीत क्रमांक गुडघ्याचं ऑपरेशन, शोकाकुल कुटुंबाचं सांत्वन व्हावं, गुडघ्याचं ऑपरेशन." सगळे एकमेकांच्या पत्रकात डोकावले. मग ऑर्गनवरच्या मिस ओपलाइन, ज्यांना एका कानाने मुळीच आणि दुसऱ्याने फार थोडं ऐकू येतं, त्यांनी नेहमीसारखं पुस्तकातलं पहिलंच गीत वाजवायला सुरुवात केली, आणि सगळे एवढ्या जोरात गायले की मागच्या बाकावर कोण हसतंय ते कळू नये. दारात लोकांनी बाबांचा हात हातात घेऊन गुडघ्याची चौकशी केली. घरी येताना गाडीत मी इतकी हसले की त्यांनी गाडी कडेला घेतली. आणि मग तेही हसले, ट्वायला. दोन वर्षांत मी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं. डोळे पुसून ते म्हणाले, "हे ट्वायलाला सांग." मी म्हटलं, तुम्हीच सांगा ना. तर त्यांनी गाडी सुरू केली.

त्या दिवसानंतर ते कीबोर्ड घेऊन तुझ्या खोलीत बसायला लागले. रोज दुपारी जेवण झालं की दार लावून. दार लावायचं कारण, आवाज मला त्रास देतो म्हणे. त्रास कसला, माझ्या अर्ध्या आयुष्याचा आवाज आहे तो. आणि त्या कीबोर्डाला दाराने काय फरक पडतो? मला तो भिंतीतून ऐकू येतो, आणि नुसता आवाज नाही, मला अक्षरं ऐकू येतात. हसू नकोस. लोखंडी पत्र्यावर मधल्या कळा भरून वाजतात, कडेच्या कोरड्या, स्पेसबार धप्प करतो, पुसायची कळ करकरते. त्यातून हा माणूस दोन बोटांनी, एकेक अक्षर शोधत लिहितो. माझ्यासारखी बाई दहातली आठ अक्षरं कानाने पकडते, उरलेली दोन तुझ्या आजीचं पत्र वाचायचो तशी अंदाजाने. म्हणूनच घरात बसून टाइप करायची माझी हिंमत नाही. त्यांचे कान माझ्याइतके तयार नाहीत, पण त्यांनी चव्वेचाळीस वर्षं माझ्याशी भांडत काढली आहेत, एवढं तर शिकले असतील.

पहिल्या दिवशी मी सिंकपाशी बटाटे सोलत होते. चार कळा वाजल्या, मग धप्प. मग पाच कळा. डावीकडे वरच्या ओळीत दोन, मग मधे वर एक, मग पार उजवीकडे एक, मग पार डावीकडे एक. हातातला बटाटा तसाच राहिला. ते तुझं नाव होतं. 'Dear Twyla', प्रिय ट्वायला. मग बराच वेळ काही नाही. मग करकर, करकर, दहा वेळा, सगळं पुसलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी तेच. एकोणीस दिवस, ट्वायला. एकोणीस दिवस मी तुझं नाव भिंतीतून ऐकलं आणि पुसलेलं ऐकलं. रविवारीसुद्धा. आणि चर्चचं पत्रक तर ते आठवड्यातून एकदा, दहा मिनिटांत उरकत होते. म्हणजे हे नट-बोल्ट, ही भोकं, माझे दात, हे सगळं कोणासाठी चाललं होतं ते मला तेव्हा कळलं.

आणि मग मला त्या दुसऱ्या गोष्टीपासून पळता येईना. ते एक्केचाळीस कीबोर्ड तू दिले नाहीस, मी दिले. तुला माहीतच आहे ते, पण मी कधी तोंडाने म्हटलं नाही, म्हणून आता लिहिते. कीबोर्डचा विभाग बंद झाला तेव्हापासून तुझे बाबा रोज संध्याकाळी तळघरात जाऊन त्या खोक्यांजवळ खुर्ची टाकून बसायचे. काही करायचे नाहीत, नुसते बसायचे. वर बास्केटबॉलची मॅच चालू असायची आणि ते खाली. मला त्या खोक्यांचा राग यायला लागला. वाटायचं, हे गेले की हा माणूस वर येऊन माझ्याशेजारी बसेल. पण त्यांना सांगायचं धाडस नव्हतं. मग त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, ते अंथरुणावर, तू मदतीला आलीस, आणि मी तुला म्हटलं, तळघर आवरू या, बाबांना चालेल, मी बोलते त्यांच्याशी. मी बोलले नाही. दहा दिवसांनी ते वॉकर घेऊन एकेक पायरी खाली उतरले आणि रिकाम्या फळ्या पाहून वर आले. "माझं अख्खं आयुष्य ट्रकमध्ये भरून दिलंस," असं ते तुला म्हणाले. तू म्हणालीस, "बाबा, जुने कीबोर्ड होते, ते कोणाला हवेत?" आणि मग माझ्याकडे पाहिलंस. एकदाच. मी बीन्सच्या भांड्याकडे पाहिलं. तू माझं नाव घेतलं नाहीस. विमानतळावर मला मिठी मारलीस तेव्हाही नाही. तेव्हापासून मी रोज ठरवते की आज सांगते, आणि रोज काहीतरी शिजायला टाकते.

आता हे पत्र आजच का, ते सांगते. काल, शुक्रवारी, ते तुझ्या खोलीत गेले आणि दार उघडंच ठेवलं. मी टेबलाशी पीच सोलत होते, त्यांना दिसेल अशी. 'प्रिय ट्वायला' झालं आणि पुसायचा आवाज आला नाही. ते पुढे लिहीत गेले, आणि मी हातातली सुरी खाली ठेवली. जे ऐकलं ते जसंच्या तसं देते: 'ट्रकवाल्याच्या पावतीवर सही तुझ्या आईची होती. फळ्या रिकाम्या दिसल्या त्याच दिवशी पावती मला तळघरातल्या कचऱ्याच्या टोपलीत सापडली, तेव्हा मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. पण तिच्याशी अबोला धरला असता तर मी राहणार कुठे आणि जेवणार काय? तू दोन हजार मैलांवर होतीस, तुझ्यावर रागावणं सोयीचं होतं. बापाने असं करायचं नसतं. कीबोर्ड गेले त्याचं आता काही नाही, मला एक पुरतो. तुझ्या लग्नात मला' — आणि इथे शेजारच्या डार्नेलने गवत कापायचं यंत्र सुरू केलं. ट्वायला, मी त्या माणसाला चौदा वर्षांत कधी उलट बोलले नाही, पण काल खिडकीतून मी त्याला जे म्हटलं ते मी ब्रदर हर्शेलपुढे म्हणणार नाही. यंत्र बंद होईपर्यंत निदान तीन ओळी लिहून झाल्या होत्या, आणि मग मला फक्त करकर ऐकू आली. एकेक अक्षर, शेवटापासून सुरुवातीपर्यंत, वीस मिनिटं, त्यांनी सगळं पुसलं. मग बाहेर आले, माझ्या समोर बसले, एक पीच उचलून खाल्लं आणि कॉफी आहे का म्हणून विचारलं. मी दिली. माझे कान कसे आहेत हे त्यांच्याइतकं जगात कोणाला माहीत नाही, आणि दार त्यांनीच उघडं ठेवलं होतं, तेव्हा त्यांना काय हवं होतं ते तूच ठरव. मी दोन वर्षं ह्या माणसापासून चोरी लपवत जगले आणि तो माझ्या हातचे बीन्स खात सगळं जाणून बसला होता. ह्याचा मला राग यावा की रडू, ते अजून ठरत नाहीये. आज संध्याकाळी घरी गेले की मी त्यांना तोंडाने सांगणार आहे. त्यांना माहीत असलं तरी सांगणार आहे. पण त्या तीन ओळी माझ्याकडे नाहीत. तुझ्या लग्नात त्यांना काय हवंय हे कागदावर नाही, कॉम्प्युटरमध्ये नाही, माझ्या कानातही नाही, फक्त त्यांच्याजवळ आहे, आणि ते आता पुन्हा लिहिणार नाहीत. तेव्हा तू फोन करून त्यांना विचार. पुढच्या शुक्रवारपर्यंत हे पत्र तुला नक्की मिळेल. त्या दुपारी एक ते चार मी घरात नसेन, आणि डार्नेलला मी ताकीद दिली आहे.

तुझीच, आणि या वेळी उघडपणे सही करणारी,
आई